दोष मनगटाचा

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या ताईचं पत्र पोस्टमनने माझ्या दारात टाकलं. त्रेसष्टाव्या वर्षी मरिंबा! अगं, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलीस, आता जरा स्वस्थ बसायचं सोडून संगीतशाळेच्या तळघरात लाकडी पट्ट्या बडवायला निघालीस? आणि लहानपणी मी टेबलावर, डब्यांवर, तुझ्या पाठीवर टकटक करायचो म्हणून मला ठोक्या नाव कोणी ठेवलं होतं? आता स्वतः ठोक.

थट्टा सोड. मला फार म्हणजे फारच आनंद झालाय. चाळीस वर्षं मी हे वाद्य वाजवायच्या मॅलेट्स बनवतोय, पण आपल्या घरातल्या कोणाच्या हातात त्या जातील असं कधी मनातही आलं नव्हतं. सोबत एक जोडी पाठवतोय. वेताची दांडी, टोकाला रबरी गोळी, तिच्यावर लोकरीच्या दोऱ्याचे एकशे चाळीस फेरे आणि शेंड्याला टाके. पट्टीच्या बरोबर मध्ये मारत जा. कडेला, जिथून खालची दोरी जाते तिथे मारलंस तर सूर मरतो.

आता कामाचं. मोठ्या वाद्यवृंदाने माझ्या बारा जोड्या परत केल्या. त्यांचा तालवाद्यांचा प्रमुख लिहितो, वरच्या पट्ट्यांवर सुरासोबत खटखट ऐकू येते. मी बाराही जोड्या पुन्हा वाजवून बघितल्या. मला कुठेच खटखट नाही! हल्लीच्या पोरांना वाजवता येत नाही आणि नावं मॅलेट्सना ठेवतात. पण ताई, हे एकच मोठं गिऱ्हाईक उरलंय. ते गेलं की वर्कशॉपला कुलूप, आणि वर्कशॉप वजा केलं तर माझ्याकडे काय उरतं ते तुला माहीत आहे. तुझी भावजय गेल्यापासून घरी मी फक्त झोपायला जातो.

म्हणून तुला विचारतो. घरात सगळ्यात तयार कान तुझा. तुला पाठवलेली जोडी त्या बारांच्या बरोबरीनेच बांधलेली, तेरावी आहे. वाजवून बघ आणि कळव. तू चांगली म्हणालीस तर बाराच्या बारा त्या प्रमुखाच्या टेबलावर परत नेऊन ठेवीन. फोन मात्र करू नकोस, इथली लाइन नुसती खरखरते.

तुझ्या उत्तराची वाट बघत,
ठोक्या


२४ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जोडी मिळाली. खोकं उघडलं तर तुझ्या वर्कशॉपचा वास आला, तो सरसाचा आणि लोकरीचा. इतकं बरं वाटलं की काय सांगू. या फ्लॅटला कसलाच वास नाही रे. मुलाने हौसेने घेऊन दिला, मला इथे आणून बसवलं आणि वर्षभरात स्वतः परदेशी गेला. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर चार दारं आहेत आणि चारही बंद. लिफ्टमध्ये माणसं भेटली तरी आकड्यांकडे बघत उभी असतात. गेल्या आठवड्यात मी मोजलं, सोमवार ते गुरुवार मी फक्त दूधवाल्याशी बोलले, तेही पाच शब्द.

म्हणूनच शिरले त्या तळघरात. फुटपाथच्या कडेला जाळीची खिडकी आहे, तिच्यातून सूर येत होते. आत आमच्या बाई शिकवत होत्या. माझ्या मुलापेक्षा लहान असतील, केस बारीक कापलेले, पायात मोजे, बूट दाराशी. मी विचारलं, माझ्या वयाच्या माणसाला येईल का? त्या म्हणाल्या, उभं राहता येतं ना, मग येईल. मरिंबा केवढं लांब असतं हे तू कधी लिहिलं नव्हतंस! खर्जातल्या रुंद पट्ट्यांपासून वरच्या अरुंद पट्ट्यांपर्यंत मला तीन पावलं चालावं लागतं. पहिल्या दिवशी मी इतकी दोरीवरच मारत होते की बाईंनी मला दहा मिनिटं खुर्चीत बसवून नुसतं बघायला लावलं.

तुझ्या जोडीबद्दल. खाली आणि मध्ये काय गोड वाजते! वरच्या पट्ट्यांवर माझ्या हातून थोडी खटखट होते खरी, पण तो दोष माझ्या मनगटाचा. बाईही तेच म्हणाल्या, मनगट सैल हवं, तापलेल्या इस्त्रीला बोट लावून झटकन उचलतो तसं. तुझ्या जोडीत काही खोट नाही. चाळीस वर्षांत तुझी जोडी कधी चुकली आहे का, की आता चुकेल? खुशाल पाठव त्या बारा.

वेळेवर जेवत जा. तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, जीव भांड्यात पडला! तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी बाराही जोड्या पुन्हा पॅक केल्या. सोबत चिठ्ठी दिली की घरच्या जाणत्या कानाने तपासून झाल्या आहेत, दोष मॅलेट्सचा नसून मनगटाचा आहे, वादकांनी मनगटाकडे लक्ष द्यावं. जरा झोंबेल, झोंबू दे.

तूही मनगटाकडे लक्ष दे. दांडी मुठीत आवळू नकोस. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायची, बाकीची तीन बोटं नुसती सोबतीला. रोज अर्धा तास उशीवर मारत जा, आवाजाचा विचारच नको. महिन्याभरात खटखट जाते की नाही बघ.

इकडे सगळं तसंच. शेजारी खुर्च्या बनवणारा सुतार दुपारी चहाला बोलावतो, पण त्याच्या करवतीच्या गोंगाटात बोलणं काही कळत नाही, म्हणून हल्ली जात नाही. खिडकीशी बसतो, खिळ्यांवर लोकरीच्या लडी टांगलेल्या आहेत, त्यांतली एक काढतो आणि बांधत बसतो. दिवस जातो.

तुझ्या मनगटाचा शिक्षक,
ठोक्या


१५ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला खोटं कशाला सांगू, मी सोडून द्यायच्या विचारात आहे.

उशी बडवून बडवून तिचा अभ्रा फाटला. मनगट इतकं दुखतं की डब्याचं झाकण उघडत नाही. आणि वरच्या पट्ट्यांवर गेले की खट, खट, खट. वर्गातली दहा वर्षांची मुलगी त्याच पट्ट्यांवर सहज वाजवून जाते आणि मग माझ्याकडे बघून मुद्दाम दुसरीकडे बघते. तिचं ते दुसरीकडे बघणं माझ्या जिव्हारी लागतं. बाईंनी माझी गत बदलून दिली. नवीन गत खालच्या पट्ट्यांतच संपते. मला कळतं रे हे. जूनमध्ये विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे, तिथे म्हातारीची फजिती नको म्हणून केलं असणार.

घरी आले की मुलाचा फोन येतो. तो विचारतो, कसं चाललंय? मी म्हणते, मस्त. तो म्हणतो, वा. संपलं. मग मी कपाटातली भांडी उगीच बाहेर काढून पुसते. तुझ्या पत्रांखेरीज आठवड्यात मी कशाची वाट बघत असेन तर त्या वर्गाची, आणि तिथेही मला जमू नये? परवा बाथरूममध्ये नळ सोडून रडले. कोणी ऐकणार नव्हतं, तरी नळ सोडला.

वाद्यवृंदाचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस.

तुझी,
ताई


२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाद्यवृंदाचं कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं नव्हतं. बारा जोड्या आल्या तशा परत आल्या. सोबत दोन ओळी: आपल्या आजवरच्या कामाबद्दल आदर आहे, यापुढे आम्ही दुसरीकडून घेऊ. माझ्या चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठ दिवस झाले, दांड्या कातायच्या लेथला हात लावलेला नाही. सकाळी कुलूप उघडतो, बसतो, संध्याकाळी लावतो.

तू मात्र सोडू नकोस. जमेल तुला. मनगट सैल ठेव, दुसरं काही नाही.

ठोक्या


११ एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली. आता काय होईल ते होवो.

मंगळवारी मी तुझी जोडी घरी विसरले. बाईंनी त्यांच्या खणातली एक साधी, वापरून केसाळ झालेली जोडी दिली. मी सराव करत वर सरकले आणि खटखट नाही! मला वाटलं, उशीचा गुण आला. एवढी हरखले की बाईंना हाताला धरून आणलं. गुरुवारी तुझी जोडी घेऊन गेले आणि त्याच पट्टीवर मारलं. खट. बाईंची घेतली, स्वच्छ सूर. तुझी, खट. दहा वेळा आलटून पालटून केलं. मनगट तेच, पट्टी तीच.

बाई मान खाली घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, त्यांना जानेवारीतच कळलं होतं. पण मी इतक्या अभिमानाने सांगत होते, माझ्या भावाने बांधलेली जोडी, माझ्या भावाने बांधलेली जोडी, की त्यांना बोलवेना. म्हणून त्यांनीही मनगटावर ढकललं. मी त्यांना काय बोलणार? मी तरी दुसरं काय केलं? अरे, तीस वर्षं लोकांच्या आवाजातली बारीकशी खरखर मी ओळखत आले. पहिल्याच दिवशी मला ती खटखट ऐकू आली होती, आणि ती गोळीची आहे हेही कानाला कळलं होतं. पण तुझी जोडी चुकीची असेल हे मला मान्यच करता येईना, म्हणून मी माझा हात चुकीचा ठरवला. तुला पाठव म्हणून सांगितलं ते मी. तुझं गिऱ्हाईक माझ्यामुळे गेलं. याची मला फार लाज वाटते.

मी तुझी जोडी दाबून बघितली. दगड आहे. बोट आत जातच नाही. पूर्वी तुझ्या वर्कशॉपमध्ये मी हातात घ्यायचे तेव्हा दोरा दबायचा आणि पुन्हा वर यायचा. तू इतकं घट्ट कधीपासून बांधायला लागलास? आणि फोनची लाइन दोन वर्षं खरखरते म्हणजे काय? सुताराचं बोलणं कळत नाही म्हणजे काय?

ठोक्या, तुला नीट ऐकू येतं का रे?

रागावलास तरी चालेल, उत्तर दे.
ताई


९ मे

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

चार आठवडे झाले. रोज दोनदा जिना उतरून पेटी उघडते. लिफ्ट आहे, पण जिन्याने गेलं की तेवढाच वेळ जातो. एका वाक्याचं का होईना, पत्र टाक. तू पत्र टाकणार नसशील तर निदान खुशाल आहेस एवढं सुताराला लिहायला सांग. मी चुकले असं म्हणायचं असेल तर तेही त्यालाच सांग, मला चालेल.

ताई


२३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू चुकली नाहीस. निदान एकटी नाहीस.

तुझं पत्र वाचून मी इतका चिडलो की ते चुरगाळून लोकरीच्या खोक्यात फेकलं. दुसऱ्या दिवशी काढून सपाट केलं. असं चार-पाच वेळा झाल्यावर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. सुरुवातीला ऐकू येत होतं. मग काहीच येईना. काचेपलीकडे डॉक्टरांची मदतनीस बाई बटणं फिरवत होती, तिचा हात मला दिसत होता. तिचा हात हलला की मी बटण दाबायला लागलो. साठ वर्षांचा घोडा मी, परीक्षेत कॉपी करत होतो! तिच्या लक्षात आलं. ती पाठ फिरवून बसली. मग मी नुसता बसून राहिलो.

वरचे सूर गेलेत, ताई. दोन्ही कानांतून. परत येणार नाहीत. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं बरं कळेल, एवढंच.

आता जे लिहितोय ते लिहायलाच सहा आठवडे लागले. मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी किटली शिट्टी मारत मारत कोरडी पडून जळली, मी शेजारच्या खोलीत बसलो होतो. तेव्हाच कळलं होतं. मॅलेट वाजवून बघायचो तर सूर बद्द लागायचा. मग दोरा घट्ट ओढायचो. तरी बद्द. आणखी घट्ट. मला चांगली वाटेपर्यंत ओढत राहायचो, आणि मला चांगली वाटेपर्यंत तिचा दगड झालेला असायचा.

आणि तुलाच का विचारलं? तुझा कान तयार म्हणून नाही. तू माझ्याविरुद्ध बोलणार नाहीस म्हणून. जोडीबद्दलच्या तुझ्या पहिल्याच पत्रात खटखट हा शब्द होता. मी तो वाचला, आणि पुढच्या ओळीत तुझं मनगट दिसलं तेव्हा मी त्याला धरून लटकलो. तू उशी बडवत होतीस, रडत होतीस, आणि मी इथून मनगट सैल ठेव असं लिहीत होतो. सख्ख्या बहिणीशी असं वागलो. माफी कोणत्या तोंडाने मागू?

वर्कशॉप बंद करतोय. लेथ सुतार घेऊन जाईल. लोकर काय करायची ते सुचलेलं नाही.

तुझा,
ठोक्या


२ जून

चि. ठोक्यास,
आशीर्वाद, पण आज दात-ओठ खाऊन दिलेले.

गाढवा! चार महिने माझं मनगट सुजलं होतं. गरम पाण्यात हात घालून बसत होते मी. त्या दहा वर्षांच्या पोरीसमोर मान खाली घालत होते. आणि तुला माहीत होतं! मी तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात मोठमोठ्याने भांडले तुझ्याशी. शेजारचं दार उघडलं, दीड वर्षात पहिल्यांदा. तिथली बाई विचारायला आली की घरात कोणी आहे का. मी म्हटलं, भाऊ आहे. काय सांगणार?

माफ वगैरे मी एवढ्यात करणार नाही. मनगट बरं झालं की बघू.

पण लेथ सुताराला द्यायची नाही. दिलीस तर माझ्याशी गाठ आहे. तुझे कान गेलेत, हात गेलेले नाहीत. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ओढ मोजता येईल असं काहीतरी करा. मला सुचलं ते असं: बांधताना दोरा हाताने ओढायचाच नाही. दोऱ्याला वजन टांगायचं आणि दांडी फिरवायची. प्रत्येक जोडीला वेगळं वजन. कुठल्या जोडीला किती, ते दांडीवर लिही. वाजवून बघायचं तर मुळीच नाही. मला पाठव. मी सगळी सप्तकं वाजवीन आणि काय ऐकू येतं ते लिहीन. या वेळी जे ऐकू येतं तेच.

तुला वाईट वाटेल. वाटू दे.

ताई


२० जुलै

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दहा जोड्या मिळाल्या. तीन दिवस वाजवल्या, शेवटच्या दिवशी बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मी कुठली जोडी घेतली ते त्यांना माहीत नव्हतं. आमची मतं लिहून ताडून पाहिली.

पहिल्या तीन: वर खटखट आहेच. चौथी आणि पाचवी: वर स्वच्छ, पण खाली आवाजच उमटत नाही, कापूस आपटल्यासारखं. सहावीच्या दोन गोळ्या सारख्या नाहीत, डावी जड आहे. सातवीचे टाके सैल, दुसऱ्या दिवशी दोरा सुटला. आठवी, नववी आणि दहावी यांचं मला कोडंच पडलं होतं. वजन हलकं लिहिलेलं आणि तरी खट. मग मी टाके उसवले आणि दोरा उलगडत गेले. वरचे वीस-पंचवीस फेरे तू हाताने ओढलेस. खोटं बोलू नकोस, खालच्या फेऱ्यांपेक्षा ते निम्म्या जागेत दाबून बसलेत. तुला राहवलं नाही. दहाच्या दहा नापास. एकही जोडी मी कोणाच्या हातात देणार नाही.

कार्यक्रम झाला. मी बाईंच्या केसाळ जोडीने जुनी गत वाजवली, वरच्या पट्ट्यांसकट. दोन ठिकाणी चुकले. टाळ्या झाल्या. बाकी सगळ्यांचं कोणी ना कोणी मागे उभं होतं, माझा डबा मी, पिशवी मी. बसने घरी आले आणि चपला काढता काढता वाटलं, आता हे कोणाला सांगावं. म्हणून तुला सांगितलं.

तू कसा आहेस? लेथ जागेवर आहे ना? फार कडक लिहिलं असेल तर लिहिलं. मी तुला पुन्हा गोड गोड सांगणार नाही.

ताई


१ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेथ जागेवर आहे. सुतार गाडी घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं. रुसलाय, समजूत घालीन.

तुझं पत्र वर्कशॉपच्या दारातच उघडलं. पहिल्या तीन नापास म्हटल्यावर आत येऊन खुर्ची ओढली. चौथी, पाचवी, कापूस. सहावी जड. सातवीपर्यंत आलो आणि मला हसू फुटलं. आठवी ते दहावी वाचताना तर खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हो, हाताने ओढले. शेवटी शेवटी वाटलं, थोडंसं, कोणाला कळणार आहे. आणि तू तिकडे बसून माझे फेरे मोजलेस!

तुला एक सांगू का? तुझी भावजय जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मला कोणी 'चुकलास' म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, वयानुसार आहे. वाद्यवृंद म्हणतो, आदर आहे. सुतार म्हणतो, चालायचंच. घरात शिरलो की दिवा लावतो, जेवतो, निजतो, आणि भाजीत मीठ नसलं तरी तसं म्हणणारं कोणी नसतं. मला वाटायचं, मला ऐकू येत नाही म्हणून इतकं शांत आहे. तसं नव्हतं ग. बोलणारंच कोणी नव्हतं. काल तुझं पत्र मी तीनदा मोठ्याने वाचलं. इतक्या शिव्या एकदम खाऊन मला किती बरं वाटलं, ते तुला कसं सांगू!

वाद्यवृंद काही परत येणार नाही, ते मी मनातून काढून टाकलंय. अकरावी जोडी आज बांधायला घेतली. वजन चौथीपेक्षा जड, तिसरीपेक्षा हलकं. शंभर फेरे झाले की उजवा हात खिशात घालायचा असं ठरवलंय. दांडी डाव्या हाताने फिरवली की ओढायला हातच उरत नाही. सोमवारी पोस्टात टाकीन.

ती बिघडलेली असली तर बिघडली म्हण. चांगली असली तरी काहीतरी खोड काढ.

माया आहेच, ती कमी-जास्त करू नकोस. फक्त मला रागवत राहा.

तुझा,
ठोक्या